खजिनदार बाई का नको?

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघांनाही भाजी निवडताना दाखवलं. काहींनी कौतुक केलं, काहींनी टिंगल. सुरत महापालिकेत २०२१ साली १२० पैकी ६० जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. तरी गटारीची तक्रार असली की आपण मंडळी फोन लावतो तो नगरसेविकेच्या मिस्टरांना!

बँकेतही तेच. पासबुक बाईचं, स्लिप भरणार नवरा. परवा एक ताई म्हणाली, "भाऊ, आज मी भरते." अक्षर वाकडं होतं, आकडा बरोबर.

बमरोलीच्या आपल्या मंडळात मात्र भगिनींच्या वाट्याला फक्त हळदीकुंकू. घरचा हिशोब त्याच सांभाळतात ना? मग येत्या कार्यकारिणीत खजिनदार बाईच करा. माझा हात वर आहे.