कुंपणाच्या आत आम्ही, कुंपणाबाहेर कोण?

बडोद्याच्या समा भागात माझी थोरली बहीण राहते. तिच्या घरातल्या जिन्याच्या भिंतीवर खडूच्या सात रेघा आहेत. 2024 च्या पुरात, 27 ऑगस्टची सकाळ ते 28 ची पहाट एवढ्या वेळात तिने त्या मारल्या. पाणी एक पायरी चढलं की एक रेघ आणि शेजारी घड्याळातली वेळ. भाऊजींचं वय पंच्याहत्तर, दिवसातून दोनदा इन्सुलिन. वीज आदल्या रात्रीच गेली होती. ताईने इन्सुलिनच्या बाटल्या पिशवीत घट्ट बांधल्या, मातीच्या माठात ठेवल्या, माठाला ओलं फडकं गुंडाळलं आणि तो माठ उचलून वरच्या खोलीत नेला. खाली फ्रिज आधी जागेवर डुलला आणि मग पाण्यावर आडवा झाला. मोबाइलची बॅटरी पुरवायची म्हणून ती दर दोन तासांनी मला फोन करायची आणि एवढंच सांगायची, "चौथी पायरी. आम्ही ठीक आहोत. ठेवते रे."

मी गोरव्यात. आमच्या दोघांच्या घरात सहा-सात किलोमीटरचं अंतर, आणि मधून विश्वामित्री नदी वाहते. आमच्या गल्लीत पाणी ओट्याला लागलं आणि तिथेच थांबलं, घर कोरडं राहिलं. पण पूल बंद झाल्यावर ते सहा किलोमीटर परदेशाइतके लांब झाले. मदतीसाठी जाहीर झालेला एक नंबर मी दिवसभर फिरवत होतो, तो लागला नाही. 28 ला दुपारी शेजारच्या सोसायटीतली पोरं ट्रॅक्टर घेऊन आली, त्यांनी दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या दोरीने वर पोचवल्या. लष्कराच्या आणि एनडीआरएफच्या तुकड्या शहरात उतरल्या होत्या, जीव धोक्यात घालून माणसं काढत होत्या. पण शहर मोठं आणि होड्या मोजक्या. पहिले दोन दिवस ताई आणि भाऊजींना कोणी सांभाळलं असेल, तर ताईच्या माठाने आणि त्या पोरांच्या ट्रॅक्टरने.

पूर ओसरला, घराघरांतून चिखल निघाला, आणि मग महापालिकेच्या स्थायी समितीच्या अध्यक्षांचा सल्ला आला: नागरिकांनी ट्यूब, दोरी आणि टॉर्च घरात ठेवावं. शहर संतापलं. मला मात्र लगेच राग आला नाही, कारण मी स्वतः लोकांना हेच सांगत आलो आहे. एका रासायनिक कारखान्याच्या सेफ्टी विभागात माझी एकतीस वर्षं गेली. सायरन वाजला की हातातलं काम टाका, वाऱ्याची पिशवी कुठे उडते ते बघा, वाऱ्याला आडवं पळा, असेंब्ली पॉइंटवर या, हजेरी द्या. आपला जीव आधी आपल्या हातात, हे वाक्य मी हजारो कामगारांपुढे बोललो आहे आणि आजही ते खरं मानतो.

पण त्याच नोकरीत मी दुसरीही एक गोष्ट शिकलो. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1989 साली, घातक रसायनांबद्दलचे केंद्र सरकारचे नियम आले. त्यांत आपत्तीची तयारी दोन भागांत वाटलेली आहे. कारखान्याच्या आत काय करायचं ती ऑनसाइट योजना. ती कारखान्याने करायची आणि दर सहा महिन्यांनी तिचा सराव घ्यायचा. वायू कुंपण ओलांडून बाहेर पसरला तर काय करायचं ती ऑफसाइट योजना. ती जिल्हा प्रशासनाची, आणि वर्षातून किमान एकदा तिचाही सराव झालाच पाहिजे. आमच्याकडे ऑडिटला येणारा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुंपणाच्या आत कोण, कुंपणाच्या बाहेर कोण? एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय त्या नियमांत ठेवलेलीच नाही.

पुराला हाच नियम लावा, म्हणजे ट्यूब-दोरीच्या सल्ल्यातली खोट दिसते. सल्ला कुंपणाच्या आतला आहे आणि तिथे तो बरोबर आहे. तो ज्यांच्याकडून आला, त्यांच्या अखत्यारीत मात्र कुंपणाबाहेरचं सगळं येतं. बाहेरच्याने आतल्याला काम सांगायचं असेल, तर आधी स्वतःच्या कामाचा हिशेब ठेवावा.

हा हिशेब लांबलचक आहे. पावागढहून निघणारी विश्वामित्री शहराच्या पोटातून वळणं घेत जाते. तिच्या काठच्या घळी आणि सखल जागा म्हणजे पुराचं पाणी थोपवून धरणारी कोठारं. त्यांत भराव पडले, इमारती आल्या. राष्ट्रीय हरित लवादाने 2021 साली नदीच्या पात्राची नीट आखणी करा, अतिक्रमणं काढा, असा आदेश दिला होता. पूर त्यानंतर तीन वर्षांनी आला. त्याआधी, 31 जुलै 2019 ला, एका दिवसात या शहरावर जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस कोसळला होता. देवीपुऱ्यात पोलीस उपनिरीक्षक गोविंद चावडा तान्ह्या बाळाला टबात घालून, टब डोक्यावर धरून गळाभर पाण्यातून चालले, तो फोटो देशभर गेला. त्या फोटोचा आम्हाला अभिमान आहे. पण टब डोक्यावर घ्यायची वेळ दुसऱ्यांदा येऊ नये, हे काम पाच वर्षांत व्हायला हवं होतं. ते खऱ्या अर्थाने सुरू झालं 2025 च्या उन्हाळ्यात, जेव्हा शहराच्या हद्दीतलं पात्र खोल आणि रुंद करायला यंत्रं उतरली. झालं ते चांगलं झालं. पण दोनशे घरांच्या सोसायटीने वर्गणी काढून नदी खोदता येत नाही, हे मान्य करायला एवढा मोठा पूर का लागावा?

ताईच्या खडूच्या रेघा मी पुन्हा पुन्हा बघतो. त्या रेघा आलेलं पाणी सांगतात, येणारं पाणी त्यांना सांगता येत नाही. येणारं पाणी कळतं दोन ठिकाणी: अजवा सरोवरावर आणि विश्वामित्रीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलावर. सयाजीराव महाराजांनी शहराची तहान भागवायला अजवा बांधलं. त्याच्या बासष्ट दरवाजांवरून पाणी किती सुटतं आणि काळ्या घोड्याला पातळी किती फूट, हे पावसाळ्यात प्रत्येक बडोदेकर एकमेकांना विचारतो. 26 फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये ती 35 च्या वर गेली. अजव्याचं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात. ते तास म्हणजेच आमची सगळी तयारी. गाडी उंचावर न्यायची, गॅसचा सिलिंडर बांधायचा, गहू-तांदूळ वर न्यायचे, म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून जिना चढवायचा, हे सगळं त्या तासांत होतं. पण काळा घोडा 31 फूट झाला म्हणजे ताईच्या दारात किती पाणी, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तो आकडा पुलावर होता आणि ताई जिन्यावर. मधला दुवा जोडणं हे सरकारचं काम, कारण नकाशे, पातळ्या आणि दरवाजांच्या चाव्या सरकारकडे आहेत.

पुरानंतर आभाळ भरून आलं की उड्डाणपुलांवर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. लोकांनी आपली अक्कल वापरली. पण इशारा घरापर्यंत पोचत नाही तेव्हा माणूस अफवेवर चालतो. अजवा फुटलं अशी अफवा उठली, तेव्हा घाबरलेल्या लोकांचा काय दोष?

शिवाय कुंपणाचा हिशेब करताना ज्यांना कुंपणच नाही त्यांना विसरून चालणार नाही. माझ्या गल्लीच्या तोंडाशी भाजीची लारी लावणाऱ्या बाईंना ट्यूब आणि टॉर्च कुठे ठेवा म्हणून सांगायचं? त्यांचं घर नदीकाठच्या वस्तीत. पुरानंतर राज्य सरकारने व्यापाऱ्यांना मदत जाहीर केली: लारी-रेकडीला 5,000 रुपये, 40 चौरस फुटांपर्यंतच्या केबिनला 20,000, त्याहून मोठीला 40,000, महिन्याला 5 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या पक्क्या दुकानाला 85,000. मदत दिली हे योग्यच झालं. पण पाच हजारांत लारी उभी राहते, लारीवर चालणारं घर उभं राहत नाही. पूर येण्याआधी ती वस्ती सुरक्षित जागी हलवणं स्वस्त पडतं, हे सरकारी हिशेबनीसाला कळत नसेल असं मला वाटत नाही.

आता आमच्या बाजूचंही बोलतो, कारण ते न बोलता सरकारला जाब विचारायचा हक्क मला नाही. आमच्या गोरव्यात नव्या बंगल्यांच्या रॅम्पखाली पावसाळी गटाराच्या जाळ्या गाडल्या गेल्या. अंगणात मातीचा तळहाताएवढा तुकडा शिल्लक न ठेवता पेव्हर ब्लॉक बसवले. इथे नाल्याला कांस म्हणतात, त्या कांसांत थर्माकोलच्या ताटल्या आणि फुलांचे हार आम्हीच टाकतो. मॉक ड्रिलची नोटीस सोसायटीत लावली की दहा माणसंही जमत नाहीत. कारखान्यात मला असा कामगार दिसला असता तर मी त्याला गेटबाहेर उभा केला असता. माझ्या घरात पत्र्याच्या एका डब्यात आधार कार्डांच्या आणि घराच्या कागदांच्या प्रती, चार दिवसांची औषधं, क्लोरीनच्या गोळ्या, शिट्टी, टॉर्च, दोरी आणि सुटे पैसे आहेत. प्रत्येक घरात असा डबा हवा. पहिले बहात्तर तास माणसाने आपले आपण काढायची तयारी ठेवावी. त्या बहात्तर तासांत बचावपथकाला आपल्यापेक्षा अडलेल्या माणसाकडे जाता आलं पाहिजे. धडधाकट माणसाची तयारी ही अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याला केलेली मदतच आहे.

स्वावलंबन आणि सरकारची जबाबदारी यांची कुस्ती लावणं मला म्हणूनच पटत नाही. 1927 च्या जुलैत गुजरातेत महापूर आला. वल्लभभाई पटेलांनी स्वयंसेवक गावोगाव धाडले, धान्य आणि बियाणं पोचवलं. सरकारची वाट पाहत ते बसले नाहीत. आणि स्वयंसेवकांनी केलं म्हणून सरकारला सोडूनही दिलं नाही. पडलेली घरं पुन्हा उभी करायला त्यांनी मुंबई सरकारला मोठी रक्कम द्यायला लावली. आजच्या बांगलादेशात 1970 च्या चक्रीवादळाने लाखो माणसं गिळली, त्यानंतर तिथे सरकार आणि रेड क्रिसेंट यांनी मिळून स्वयंसेवकांची फौज उभी केली. वेधशाळेचा इशारा सरकारने द्यायचा आणि गावातल्याच तरुणाने भोंगा घेऊन तो दारोदार पोचवायचा. पुढच्या वादळांत माणसं वाचली ती या साखळीमुळे.

आपल्याकडेही हे जमण्यासारखं आहे. भूजच्या भूकंपानंतर गुजरातने 2001 साली स्वतःचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केलं, 2003 साली कायदा केला, तेव्हा देशाचा 2005 चा कायदा व्हायचा होता. या राज्याला शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. 7 मे 2025 ला युद्धाच्या सावटाखाली देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यात बडोदाही होतं. सायरन वाजले, दिवे विझले, लोकांनी ऐकलं. जो शत्रू कधी येईल हे माहीत नाही त्याच्यासाठी सराव होतो. मग जी नदी जून ते सप्टेंबर याच चार महिन्यांत येते, तिच्यासाठी दर मे महिन्यात एक सायरन वाजायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. 2024 चं पाणी जिथवर आलं, तिथवर प्रत्येक गल्लीतल्या विजेच्या खांबावर रंगाचा पट्टा मारा आणि त्याखाली लिहा: काळा घोडा इतके फूट. मग आकडा कळला की ताईला तिची पायरी कळेल. अंथरुणावरची माणसं, डायलिसिसवाले, गरोदर बाया यांची यादी प्रत्येक वॉर्ड कचेरीत असू द्या, आणि त्या यादीप्रमाणे होडी आधी कुठे जाईल हे आत्ताच ठरवा. होड्या आणि ट्यूब वॉर्डातच ठेवा, गणपती मंडळांतली पोहणारी पोरं निवडून त्यांना पाण्यातलं काम शिकवा. आणि नदीच्या जागेत यापुढे एकही बांधकाम परवानगी देऊ नका.

आमच्या सोसायटीत या रविवारी मी दोन कागद काढणार आहे. पहिल्यावर आमची कामं: डबे, जाळ्या साफ करणं, कोण कुणाच्या आईला उचलेल. दुसऱ्यावर वरच्या मागण्या. पहिला कागद जिन्यात लावायचा. दुसरा सगळ्यांच्या सह्यांनिशी वॉर्ड कचेरीत द्यायचा आणि प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच परत यायचं. तुम्हीही तुमच्या सोसायटीत एवढं करा. आपला कागद भरलेला असला, तर त्यांच्या कागदाचा जाब विचारताना आपला आवाज अडखळणार नाही.