आजोबांच्या जन्मनोंदीचा गुन्हा

१/ गोव्यातील एखाद्या कुटुंबाने आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, की ‘गद्दार’ हा शब्द लगेच ऐकू येतो. भारतीय पासपोर्टच्या पुस्तिका आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात, म्हणून नाशिककराला तो जरा अधिकच सहज सुचतो. प्रेसचा अभिमान रास्त आहे. आरोप मात्र इतिहास न वाचता केलेला आहे.

२/ १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला मनुष्य पोर्तुगालच्या कायद्याने जन्मतःच पोर्तुगीज नागरिक होता. ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पण या लोकांचे नागरिकत्व रद्द केले नाही. मडगावचे आजोबा लिस्बनमध्ये जन्मनोंद उतरवून घेतात, तेव्हा तेथील कायद्याच्या लेखी ते नवे काही मागत नसतात. मुले-नातवंडे त्याच नोंदीच्या आधारे पुढे जातात.

३/ आणि आपण काय केले? २८ मार्च १९६२ च्या आदेशान्वये, जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील अथवा आजीआजोबांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मले, तो भारताचा नागरिक मानला गेला. म्हणजे आजोबांचा दाखला आपणही ग्राह्य धरला. जुने नागरिकत्व राखायचे असेल तर लेखी घोषणा करण्यास मुदत होती अवघी एक महिना. कराचीत वा मोंबासात नोकरीला असलेल्या किती गोवेकरांच्या कानी ती वेळेत गेली असेल?

४/ हा अपवादही नव्हे. संविधानाचे आठवे कलम परदेशस्थांसाठी आजीआजोबांचे जन्मस्थान पाहते. मार्च २०२४ मध्ये मॉरिशसमधील भारतवंशीयांच्या सातव्या पिढीला ओसीआय कार्ड देण्याची घोषणा राष्ट्रपतींनी केली. तेथील मराठी घराण्यांच्या आनंदात आपणही सहभागी झालो, ते योग्यच.

५/ ‘दुहेरी नागरिकत्व चालत नाही’ हा आक्षेप खरा आहे. नववे कलम स्पष्ट आहे: परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, पासपोर्ट परत करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो. ही किंमत मोजणारा कायदा पाळत असतो. काहींनी मात्र पासपोर्ट वेळेवर परत केले नाहीत, आणि त्यांचे मी समर्थन करणार नाही. पण त्यांचे पासपोर्ट रद्द झाल्यावर परतीचा दाखला मिळेना आणि दाखल्यावाचून ओसीआय अडले. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला मार्ग काढावा लागला.

६/ हेतू बहुधा पोटाचाच असतो. ब्रेक्झिटपूर्वी त्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये मोकळेपणी काम करता येई; स्विंडनमधली गोवेकर वस्ती तशीच वाढली. आपल्या कॉलेज रोडवरचा भाचा अमेरिकन नागरिक होताना इतर सर्व देशांवरील निष्ठा सोडल्याची शपथ तोंडाने उच्चारतो. लिस्बनमध्ये वंशाधारे नोंद करणाऱ्या गोवेकराला तशी शपथ घ्यावी लागत नाही. पेढे मात्र आपण भाच्याचे वाटतो.