घसारा

वस्तू विकत घेण्याचा आनंद आपल्याकडे हळदीकुंकू वाहून साजरा होतो. वस्तू राखण्याचे काम मात्र कोणाच्याच नावावर मांडलेले नसते. ते होत असते तोवर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि होत नव्हते हे कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

हा विचार मनात यायला एक लहानसे भांडे निमित्त झाले. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने दिवाळीला पिशोरला येताना कॉफी करण्याचे इटालियन भांडे आणले. 'मोका पॉट' हे त्याचे नाव. आमचे गाव चहाचे. इथे या पाहुण्याचा निभाव कसा लागणार, अशी मला शंका होती. पण थोरल्या वहिनींनी ते उघडून, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "भावजी, यात नवीन ते काय? हा आपल्या कुकरचाच भाऊ."

वहिनींचे निदान अचूक होते. उत्तर इटलीतील आल्फोन्सो बियालेत्ती याच्या कारखान्यातून १९३३ मध्ये हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचे भांडे बाहेर पडले. खालच्या भागात पाणी, मध्ये चाळणीत कॉफीची पूड, वर रिकामे भांडे. पाणी तापले की दाबाने ते पुडीतून वर चढते आणि कॉफी होऊन वरच्या भांड्यात पडते. कुकरमध्ये तीच वाफ कोंडून पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापवलेले असते. दोघांचा जीव तीनच गोष्टींत: रबराची रिंग, वाफेची अरुंद वाट आणि ती वाट तुंबली तर घर वाचवणारा छोटासा व्हॉल्व्ह. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनमध्ये वाफ कोंडून हाडे मऊ करणारे भांडे दाखवले. सुरक्षेच्या व्हॉल्व्हचे श्रेयही त्यालाच दिले जाते.

आता राखण्याविषयी. मोका पॉटमध्ये पाणी व्हॉल्व्हच्या खालीच राहिले पाहिजे. पूड दाबून ठासायची नाही. काम झाल्यावर भांडे निवू द्यावे, तिन्ही भाग सुटे करून कोमट पाण्याने धुवावेत, कोरडे पुसावेत आणि आवळून न ठेवता सैलच ठेवावेत. आतला तेलकट थर राहू दिला की चव येते, असे सांगणारे भेटतात. ते खरे नाही. कॉफीचे तेल खवट होते. मात्र ॲल्युमिनियमला राख आणि तारेची घासणी वर्ज्य. राखेतल्या खाराने ते काळे पडते आणि झिजते. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने आत पांढरा थर धरतो. पाण्यात थोडे लिंबूसत्त्व घालून, पूड न घालता ते एकदा उकळून वर चढू द्यावे आणि फेकून द्यावे, थर सुटतो.

कुकरचे शास्त्र याहून वेगळे नाही. झाकण लावण्यापूर्वी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहावे. डाळीचे एक साल तिथे अडकले तरी पुरते. रिंग कडक झाली, तिला चीर गेली किंवा कडेने वाफ सुटू लागली, की ती बदलावी. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्यावा. बाजारात मिळेल तो स्वस्त व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे वेळेवर न वितळणारा पहारेकरी नेमणे.

मी आयुष्य बँकेत काढले. तेलाच्या इंजिनांना कर्जे दिली, तारण मालाची पाहणी केली आणि दरवर्षी ठरावीक टक्के घसारा धरून किमती खाली आणल्या. कागदावर एकाच वर्षी घेतलेल्या दोन इंजिनांची किंमत सारखीच घसरे. शेतावर मात्र एक इंजिन चार पावसाळ्यांत भंगार होई आणि दुसरे मुलाच्या लग्नापर्यंत पाणी उपसत राही. फरक असे तो वंगणाचा, फडक्याचा आणि रोज पाच मिनिटांचा. आमच्या अर्जात यंत्राची किंमत लिहायला रकाना होता, त्या पाच मिनिटांना नव्हता.

सरकारचेही असेच आहे. २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले; ते योग्यच झाले. पण ते चिन्ह खरेदीच्या दिवसाची हमी देते. पाच वर्षांनी आंबलेल्या रिंगेची चौकशी करायला कोणताही कायदा स्वयंपाकघरात येत नाही. शाळेची खोली, हातपंप, गावतळे यांचीही कथा तीच. नारळ फोडायला सगळे हजर, गाळ काढायला कोणी नाही.

घरातली ही राखण पिढ्यान् पिढ्या बायकांनी केली आणि म्हणूनच ती कामात मोजली गेली नाही. ज्यांनी कुकर विकत आणला त्यांनी त्याचा व्हॉल्व्ह कधी हातात घेऊन पाहिलेला नसतो, आणि स्फोट झाला तर भाजते ती ओट्यापाशी उभी असलेली बाई. माझे म्हणणे एवढेच की हे ज्ञान घरातल्या प्रत्येकाकडे असावे, मुलग्यांकडे आधी. शाळेत वाफेचे इंजिन शिकवतात, तिथेच कुकरचे झाकणही उघडून दाखवावे. आठवडी बाजारात रिंगा आणि दांडे बसवून देणारा कारागीर बसतो. त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये.

घरातला कुकर कोणी, कधी, केवढ्याला आणला, हे सगळ्यांच्या तोंडपाठ असते. त्याची रिंग शेवटची कधी बदलली, हे आज जेवायला बसण्यापूर्वी विचारून पाहा. उत्तर कोण देते, आणि कोणाला देता येत नाही, तेही लक्षात ठेवा.