सिपी कप आणि फुलपात्र

दीड वर्षाच्या पोराला डेंटिस्टकडे न्यायचं म्हणजे अमेरिकन थेरं, असं माझं ठाम मत होतं. इथे न्यू जर्सीत पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच नेतात. आम्ही सहा महिने उशिरा गेलो. बाईंनी चिरंजीवांचा वरचा ओठ उचलला आणि हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या रेषा दाखवल्या. दात किडण्याची सुरुवात!

"दिवसभर कपात काय असतं?"

"अ‍ॅपल ज्यूस. पण शंभर टक्के, वरून साखर अजिबात नाही!" मी अभिमानाने सांगितलं.

"दातांना तो फरक कळत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

घरी येऊन हिशोब मांडला (इंजिनियर दुसरं काय करणार!). १०० मिली सफरचंदाच्या ज्यूसमध्ये साधारण १० ग्रॅम साखर. कोलातही जवळपास तेवढीच! आमचं ध्यान दिवसाला ३०० मिली संपवायचं, म्हणजे सात चमचे साखर. त्यात तो न सांडणारा सिपी कप. पोरगं तो घेऊन घरभर फिरणार, पाच-पाच मिनिटांनी घोट घेणार. प्रत्येक घोटाबरोबर तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि लाळेला ते धुऊन काढायला उसंतच मिळत नाही. चूक पोराची नव्हती, कप भरून देणाऱ्याची होती.

इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच सांगितलंय की वर्षाच्या आत ज्यूस नाहीच, एक ते तीन वर्षांत दिवसाला फार तर १२० मिली. या वयात प्यायला साधं दूध आणि पाणी पुरतं. दूधही पाऊण लिटरच्या आत. जास्त झालं की पोट त्यानेच भरतं, जेवण जात नाही आणि लोह कमी पडतं.

तुम्ही म्हणाल, ही तिकडची फॅडं. अहो, आपली इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स तर जास्त कडक आहे! २०१९ च्या त्यांच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांच्या आत ज्यूस नकोच. आणि दुधात घालायच्या त्या चॉकलेटी पावडरी? एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका. अन्नसुरक्षा कायद्यात अशा नावाची व्याख्याच नाही!

आमची आई मात्र पुण्याहून येताना तसले दोन डबे घेऊन आली. "नुसत्या दुधात काय ताकद रे?" मी डब्यामागची साखर वाचून दाखवली. जरा हिरमुसली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच बॅगेतून छोटं फुलपात्र काढलं आणि नातवाला मांडीवर घेऊन त्यातून पाणी पाजायला बसली. पहिले चार दिवस नुसता थयथयाट, अर्धं पाणी तिच्या साडीवर. "पाणी पितच नाही" असं आम्ही ज्याच्याबद्दल सांगायचो, तो पंधरा दिवसांत फुलपात्र मागायला लागला. ज्यूस मिळणार नाही हे कळल्यावर तहान आपोआप पाण्याकडे वळली.

माझं म्हणणं एवढंच. आपण लाडाला 'ताकद' म्हणतो आणि जाहिरातवाले त्याचेच पैसे घेतात. लाड जरूर करा, पण ते कपात भरून देऊ नका. सफरचंद कुस्करून भरवा, तहान लागली की पाणी द्या.

सिपी कप आता माळ्यावर आहे. रेषा पुढे सरकलेल्या नाहीत, पण ब्रश करताना अजून दर वेळी माझी नजर तिथेच जाते.