सर्टिफिकेट तर सगळीकडे सारखंच असतं ना?

माझी भाची पुण्याहून मेलबर्नला शिकायला आली त्याला दीड वर्ष झालं. लहान मुलांच्या शिक्षणात मास्टर्स करतेय. पुढच्या महिन्यात तिची प्लेसमेंट आहे, म्हणजे एका चाइल्डकेअरमध्ये काही आठवडे प्रत्यक्ष काम. त्याआधी युनिव्हर्सिटीने कागदांची यादी दिली, त्यात प्रथमोपचाराचं सर्टिफिकेटही होतं. ते नसेल तर प्लेसमेंट नाही, आणि प्लेसमेंट नाही तर डिग्री नाही. सरळ हिशोब!

परवा रात्री जेवताना बाईसाहेब फोनवर शोधत होत्या. "मावशी, हा बघ, सगळ्यात स्वस्त. तासाभरात सुटका. सर्टिफिकेट तर सगळीकडे सारखंच असतं ना?"

प्रश्न अगदी रास्त होता. शनिवार-रविवार कॅफेत काम करून ती खर्च भागवते, त्यामुळे एकेक डॉलर मोजूनच खर्च होतो. पण मला एकदम आमचे थोरले काका आठवले.

१९९८ सालची गोष्ट. नात्यातलं लग्न, पंगत बसलेली. काका वाढता वाढता खाली कोसळले. पन्नास माणसं भोवती जमली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तळपाय चोळले, कुणी तोंडात पाणी घालायला धावलं. मी तेव्हा एम.एस्सी. झालेली, चांगली शिकलेली मुलगी, आणि मी काय केलं? पंख्याचं बटण शोधलं. १०८ची ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात आली २०१४ साली, तेव्हा ती नव्हतीच. कुणाच्या तरी मारुतीत घालून काकांना नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "कुणी छाती दाबली होती का?" आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

दाबली असती तर काका वाचले असते का? सांगता येत नाही. पण हृदय थांबलं की मेंदूला काही मिनिटांतच इजा व्हायला लागते, आणि ती मिनिटं आम्ही कांदा शोधण्यात घालवली, हे मात्र खरं.

आणि छाती दाबणं हे काही तेव्हा नवं ज्ञान नव्हतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते १९६० साली छापून प्रसिद्ध केलं होतं. त्याच सुमारास नॉर्वेतल्या आसमुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने सरावासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. म्हणजे हे वाचून यायचं काम नाही, हाताने करूनच शिकायचं, हे त्या लोकांना पहिल्यापासून कळलं होतं.

म्हणून भाचीला म्हटलं, थांब, जरा नीट बघू. दोघींनी बसून जे शोधलं ते इथे लिहून ठेवते. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता इथे शिकायला येतायत, कुणाला तरी उपयोग होईल.

पहिलं म्हणजे नंबर बघा. इथे प्रत्येक कोर्सला सरकारी क्रमांक असतो. एचएलटीएआयडी००९ म्हणजे फक्त सीपीआर, ०११ म्हणजे सर्वसाधारण प्रथमोपचार आणि ०१२ म्हणजे बालसंगोपन आणि शिक्षणाच्या ठिकाणचा प्रथमोपचार. भाचीला हवा होता ०१२, आणि ती नाव नोंदवायला निघाली होती ००९ला! स्वस्त का होता ते तिथेच कळलं. युनिव्हर्सिटीच्या यादीतला आकडा आणि कोर्सचा आकडा शेजारी ठेवून वाचा.

दुसरं, संस्था नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या प्रशिक्षण-नोंदवहीत तपासा. ती सगळ्यांना बघता येते, दोन मिनिटांचं काम.

तिसरं, तारीख. सीपीआर दरवर्षी आणि प्रथमोपचार तीन वर्षांनी पुन्हा करावा, अशी इथली पद्धत आहे. फार लवकर केलंत तर प्लेसमेंटच्या मध्येच सीपीआरची मुदत संपेल, आणि शेवटच्या आठवड्यावर ठेवलंत तर जागा मिळणार नाही.

आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. फोन करून विचारा, "बाहुल्या किती आणि माणसं किती?" थिअरी घरी ऑनलाइन करायला हरकत नाही. पण नियमाप्रमाणे मोठ्या माणसाची बाहुली जमिनीवर ठेवून, सलग दोन मिनिटं सीपीआर स्वतः करून दाखवावा लागतो. तान्ह्या बाळाचाही वेगळा. जिथे वीस जणांत दोन बाहुल्या असतील तिथे तुमच्या वाट्याला परीक्षेपुरतीच ती दोन मिनिटं येणार. चुकायला, विचारायला, पुन्हा करायला वेळच नाही.

शेवटी आम्ही दोघींनीच नाव घातलं. मीही गेले, गुडघ्यांची कुरकुर सोबत घेऊन. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे, पुन्हा तीस. मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगाने, छाती साधारण पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. पहिल्याच मिनिटात मला घाम फुटला. भाची तर इतकी हळुवार दाबत होती की शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तू तिला कुरवाळतेयस!" चौथ्या खेपेला जमलं. मग बाळाची बाहुली आली. घशात घास अडकला तर पाठीवर पाच थापा, तेवढ्याने निघाला नाही तर छातीवर पाच दाब. ते करताना तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. घरी येताना ट्रॅममध्ये म्हणाली, "मावशी, त्या वर्गात बारा मुलं असणारेत गं."

मला एवढंच म्हणायचं आहे. महाग कोर्स म्हणजे चांगला असं मुळीच नाही, काही ठिकाणी जास्तीचे पैसे नुसत्या कॉफी-बिस्किटांचेच असतात. पण किंमत सगळ्यात शेवटी बघा. युनिव्हर्सिटीला कागद हवा असतो आणि तो कुठूनही मिळेल. उद्या द्राक्ष अडकून निळ्या पडलेल्या पोराला कागदाचा काय उपयोग?

असो. लेक्चर लांबलं. तुमच्याकडे कुणी असा कोर्स केला असेल तर जरूर कळवा. आणि केला नसेल तर, मुलांचं राहू द्या, आधी स्वतः करा. पुढच्या लग्नात पंगतीला आपल्यातलं कुणीतरी एक शिकलेलं असू दे.