वेल्सची थोरवी पुरे!

वाचकहो, अद्भुतकथा म्हणजे वेल्स आणि व्हर्न, असे म्हणणारे अजून भेटतात. हा निव्वळ आळस आहे! वेल्सचा ‘अदृश्य माणूस’ १८९७ चा. त्याच्या आदल्याच वर्षी जगदीशचंद्र बोसांनी बंगालीत वादळाची गोष्ट लिहिली; तीत बोटीवरचा प्रवासी केशतेलाची बाटली ओतून खवळलेला समुद्र शांत करतो. (तेलवाल्यांच्याच स्पर्धेत तिला बक्षीसही मिळाले!) अभ्यंगाच्या दिवशी याहून समयोचित वाचन कोणते?

आणि रुकैया हुसेन यांचे ‘सुलतानाज् ड्रीम’? १९०५ सालची ही इंग्रजी कथा: राज्य बायकांचे, पुरुष पडद्यात, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर. ती यंदा घरात मोठ्याने वाचाच; पुरुषमंडळींना चकल्या तळायला बसवून!