सुपरच्या पोत्याचा हिशोब



लागणीला सुपरचं पोतं सरीत सोडताना आपण त्याची किंमत बघतो. ते कुठल्या खाणीतनं आलं, हे कोण विचारतो? आता विचारावे, असे आम्हांस वाटते.

आपल्या राज्यात या धंद्याचे जुने ठिकाण म्हणजे अंबरनाथ. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने तेथे गंधकाम्ल व सुपर फॉस्फेट तयार केले. फॉस्फेटचा दगड दळायचा, त्यावर गंधकाम्ल सोडायचे, अशी कृती. ५० किलोच्या पोत्यात १६ टक्क्यांप्रमाणे स्फुरद ८ किलो. त्याला चांगला दगड सुमारे २७ किलो लागतो. हा दगड बहुतांशी मोरोक्को, जॉर्डन, इजिप्तकडून येतो. खाणीचे पोटॅश तर सगळेच परदेशचे.

वस्तूच्या जन्मापासून शेवटापर्यंत पर्यावरणाचा हिशोब मांडायची पद्धत आहे. २००६ च्या आयएसओ १४०४० व १४०४४ मानकांत तिचे नियम आहेत. बदलापूरजवळच्या बारवी धरणातून कारखान्यांनी किती पाणी उचलले, अंबरनाथ-उल्हासनगरच्या वालधुनीत काय सोडले, हे मोजता येते. खनिजाबाबत मात्र एकमत नाही. कोणी भूकवचात एकूण किती आहे ते धरतो, कोणी खाणीतून काढणे परवडेल एवढाच साठा धरतो. पहिल्या हिशोबात स्फुरद भरपूर दिसते, म्हणून त्याचा खर्च नगण्य ठरतो. पण स्फुरदाला पर्याय नाही. त्यावाचून ऊस येत नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. स्फुरद नाहीसे होत नाही, विखुरते. ते विखुरणे मोजावे. साखर हवा-पाण्याचीच बनते. उसातले बरेचसे स्फुरद प्रेसमडमध्ये राहते. पोटॅश मळीतून डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये जाते. त्याच्या राखेपासून १४.५ टक्के पोटॅशचे खत होते. प्रेसमड आता गॅस प्रकल्पांकडेही जाऊ लागला आहे. गॅस निघाला तरी स्फुरद गाळात उरते. तो गाळ कोणाच्या रानात पडणार?

वाहतूक परवडत नाही, असे काहीजण म्हणतील. खरे आहे, कंपोस्ट जड असते. पण ऊस टाकून गाडी रिकामीच परत जाते ना?

म्हणून वार्षिक अहवालात एक पान वाढवावे : उसाबरोबर स्फुरद-पोटॅश किती आले, सभासदांच्या रानात किती परत गेले. प्रेसमड बाहेर द्यायचाच असेल, तर गाळ परत घेण्याची अट करारात घालावी. पैशाचा ताळेबंद आपण दरसाल तपासतो. मातीचाही तपासू या.